विटांच्या कडेची रोपं

आमच्या बोरगावच्या काळ्या रानात नांगरामागनं चालताना चुनखडीचा पांढरा खडा दिसला की माझा बाप वाकायचा, खडा उचलायचा आणि बांधावर भिरकावायचा. भिरकावताना एक शिवी हासडायचा. मलाही त्यानं तेच शिकवलं. जिथं खडे जास्त तिथं तंबाखूचं पान पिवळं पडतं, मिरची जागेवर बसते, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. चुना म्हणजे रानाचा रोग, एवढंच शेतीचं ज्ञान घेऊन मी घरातनं बाहेर पडलो. हे आधी सांगतो, कारण पुढं जे झालं त्याला हे ज्ञानच कारण आहे.

मी तिसरीतनं शाळा सोडली. लिहायची सवय नाही. माझी बायको गेली त्याला पाच महिने झाले, आणि तेव्हापासून मी ओसरीवर बसून एकटाच बोलतो असं पोरगी म्हणते. परवा म्हणाली, "आप्पा, भितीसंगट बोलन्यापरास कागदावर लिवा की. गल्लीतली मानसं तरी हसनार न्हाईत." म्हणून लिहितोय. थकलोय. लांबण लावायची ताकद नाही.

लग्नानंतर दोनच वर्षांत तंबाखूच्या धुरळ्यानं माझी छाती धरली. खोकून खोकून मी अर्धा झालो. वैद्यानं सांगितलं, या धंद्यातनं निघ. मग आम्ही दोघं बेळगावला आलो. कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळ्याची जागा होती. बागेमागं घोड्यांचा तबेला, तबेल्याला लागून नोकरांची एक खोली. कौलं धड होती, भिंतींना दर वर्षी चुना लागायचा, पुढं पायरी होती. तिनं ती खोली बघितली आणि पायरीवर बसून घेतली. म्हणाली, "हितनं मला आता कुनी हलवू नगा."

हलवू नका म्हणण्याला कारण होतं. बोरगावात तिची दोन बाळंतपणं झाली होती. एक सातव्यात गेलं, एक जन्मून चार दिवसांनी. घरातल्या बायका तिच्या तोंडावर काही बोलायच्या नाहीत, पण ती आली की बोलणं थांबायचं. कॅम्पात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. तेवढ्यावर ती खूश होती.

बागेत गुलाब होते, कोबी-फ्लावर होता, साहेबाच्या आवडीची पालेभाजी होती. ते सगळं मला जमलं. जमलं नाही ते एकच. मडमसाहेबांनी महाबळेश्वराकडनं स्ट्रॉबेरीची रोपं मागवली होती. आम्ही नोकरमाणसं तिला इष्टाबरी म्हणायचो. दसऱ्याच्या सुमाराला टोपल्यांतनं ओल्या गवतात गुंडाळलेली रोपं आगगाडीनं यायची. घराच्या उजव्या अंगाला तिच्यासाठी लांबट वाफा केलेला होता, भोवती विटांची कड. कॅम्पात प्रत्येक बंगल्याला अशी विटांची कड असायची आणि ती पांढरीच असायला लागायची. झाडाचं बुड पांढरं, कुंड्या पांढऱ्या, वाटेचे दगड पांढरे. लष्करातल्या लोकांना चुन्याचं भारी वेड. मोठे साहेब बघायला येणार म्हटलं की सगळा कॅम्प कुंचा घेऊन बसायचा.

पहिल्या दोन वर्षी स्ट्रॉबेरी जागेवरच बसली, वाढली नाही. फळं धरली ती हरभऱ्याएवढी, टणक, टोकाला नुसत्या बिया. मडमसाहेब काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा तेच सुरू झालं. रोपाच्या मधनं नवं पान निघायचं ते घडी घातल्यासारखं, चुरगळलेलं, आणि उघडायच्या आधीच त्याचं टोक काळं. विस्तवाला लावून काढावं तसं. जुनी पानं मात्र हिरवीगार. कीड नाही, बुरशी नाही. मी पानं उलटीपालटी करून डोळे फोडून घेतले. एक रोप उपटून बघितलं तर मुळं आखूड, तपकिरी, जागच्या जागी खुंटलेली.

मडमसाहेब सकाळी वाफ्यापाशी आल्या. त्यांनी छत्रीच्या टोकानं एक पान उचललं. हिंदुस्तानीत म्हणाल्या त्याचा अर्थ असा, की शेजारच्या बंगल्यात फळ येतं, इथं का नाही? जानेवारीच्या अखेरीला साहेबांचे वरचे साहेब जेवायला येणार आहेत. त्या दिवशी मेजावर एक बशी भरून स्ट्रॉबेरी पाहिजे. नाहीतर पुण्याहून नवा माळी येईल. आणि नवा माळी आला की खोली त्याची.

शिवीगाळ नाही, आवाज चढवणं नाही. हवापाण्याचं बोलावं तसं बोलून त्या गेल्या.

मी खोलीवर आलो. ही पायरीवर तांदूळ निवडत होती. तिला तेव्हा सहावा लागला होता. या खेपेला तिचा त्रास वेगळाच होता. पोट ठीक होतं, पण कंबर आणि मांड्या दुखायच्या. उठताना भिंतीला हात लावून उठायची, चालताना डोलायची. मी म्हणायचो बाळंतीण व्हायची बाई, दुखणारच. तिला मडमसाहेबांचं बोलणं सांगितलं. ती तांदळातला खडा काढून बाहेर टाकत म्हणाली, "मंग आनू की फळं."

"आनू की? झाडाला लटकवू व्हय बाजारातली?"

"मला काय इचारतायसा? माळी तुमी."

मी माळी होतो, म्हणून मला वाटलं, पान जळतंय म्हणजे झाड उपाशी आहे. शेणखत घातलं. करडीची पेंड भिजवून तिचं पाणी घातलं. घोड्यांच्या तबेल्यातली ताजी लीद घातली. झाडं तरारली. पानं तळहाताएवढी झाली. आणि टोकं आधीपेक्षा जास्त जळायला लागली. जितकं खाऊ घालावं तितकं वाईट. मग पाणी वाढवलं. मग एकदम तोडलं. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी चिखल. आज मला कळतं की मी त्या रोपांचे हाल केले. तेव्हा कळत नव्हतं, भीतीनं हात चालत होते.

त्याच दिवसांत मला भिंत दिसली.

खोलीत पाण्याचा हंडा ठेवायची कोनाड्याखालची जागा होती. एके दिवशी हंडा घासायला बाहेर काढला होता, तर मागं भिंतीला वाटीएवढा खळगा. कडेला नखांच्या रेघा. मला वाटलं उंदीर. मग तिच्याकडं बघितलं तर तिचा पदर तोंडावर, आणि ओठाच्या कोपऱ्यात पांढरं.

"भित खातीस?"

तिनं पदरानं ओठाचा कोपरा पुसला.

"म्हस हाईस का गं तू? भित चाटतीस?"

"म्हशीनं काय खाल्लं त्ये तरी तुमी इचारता," ती म्हणाली. "मला कंदी इचारलाय?"

मी चिडलो. एक तर बागेची काळजी, त्यात हे. बायकांना डोहाळ्यात माती खावीशी वाटते हे मला माहीत होतं. आमच्यात भाजलेली माती मुद्दाम आणूनही देतात. पण चुना? ज्याला माझा बाप शिव्या देऊन बांधावर टाकायचा तो? मला वाटलं, याच्यामुळंच हिची कंबर धरलीय, याच्यामुळंच आधीची दोन गेली. मी तसं तिला बोललोही. "तुझ्या खान्यानं गेली ती दोन." हे मी बोललो. लिहायचं म्हटलं तर लिहायलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी शेणात कडुलिंबाचा पाला वाटून घातला आणि ती भिंत जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत सारवून काढली. चारी बाजूंनी. जीभ लावली तर तोंड कडू होईल असं. ती पायरीवर पाठमोरी बसून होती. मी सारवत होतो तोवर तिनं एकदाही मागं बघितलं नाही.

पुढं नाताळच्या आधी चुना मारायचा दिवस आला. मी कुंचा घेतला आणि वाफ्याच्या विटा रंगवायला बसलो. जुन्या चुन्याचे पोपडे खरवडून काढायचे, मग नवा हात द्यायचा, अशी रीत. खरवडलेले पोपडे वाफ्यात पडायचे. मी दर वर्षी काय करायचो तर खराटा घेऊन, ओणवा होऊन, बारीक न बारीक पोपडा वेचून काढायचो. बाकीच्या बंगल्यांवरचे माळी तसंच सोडायचे. माझ्या मातीत मला चुन्याचा कण दिसलेला चालत नव्हता. मला त्याचा अभिमान होता. स्वच्छ काम.

ही चुलीवरचं आटपून हळूहळू चालत आली आणि वाफ्याच्या टोकाला उलट्या बादलीवर बसली. मी वेचत होतो. ती बराच वेळ बघत होती.

"अवो," ती म्हणाली, "कोपऱ्यातल्या रोपास्नी काय घातलाय वो तुमी?"

"कंच्या?"

"त्या मेंदीच्या कुपाखालच्या. त्यांची टोकं जळली न्हाईत."

"काय न्हाय घातलं. सगळ्यांस्नी सारखं."

"मंग ती बरी, आन् मधली मरायला, ह्ये कसं?"

"सावली असंल."

"दुपारपातूर ऊन असतंय तितं. मी बघत्ये की रोज. बसून दुसरं करत्ये काय?"

मी उठलो नाही. मला बायकोनं वाफा शिकवावा हे पटत नव्हतं. पण ती बादलीवरनं हलेना. मग म्हणाली, "तितं तुमचा खराटा पोचत न्हाय. काटं हाईत. तितला चुना तसाच पडलाय, दोन वर्सांचा."

मी गेलो. गुडघ्यावर बसलो. मेंदीच्या कुंपणाचं जून, काटेरी डहाळ बाजूला केलं. खाली मातीत पोपड्यांचा थर, पांढरा, पावसानं मऊ झालेला. आणि त्यावर सात-आठ रोपं. मधलं नवं पान उघडलेलं, सपाट, टोकापर्यंत हिरवं. मग मी विटांच्या कडेनं सगळा वाफा गुडघ्यावर फिरलो. विटेला चिकटून असलेली रोपं थोडी बरी. एक वीत आत गेलं की जळकी. मधोमध सगळ्यात वाईट.

ती लांबनं म्हणाली, "दिसलं का?"

मी म्हणालो, "दिसलं."

आता विचार केला तर सोपं आहे. आमच्या बोरगावची काळी माती चुन्यानं भरलेली, तिला आणखी चुना म्हणजे विष. बेळगावची माती तांबडी, खाली जांभा दगड, आणि चार महिने पाऊस असा, की मातीतलं सगळं धुऊन ओढ्याला नेणार. तिच्यात चुन्याचा कण नाही. मी बापाचं रान डोक्यात घेऊन परक्या मातीत बसलो होतो. शेजारचे माळी आळशी होते म्हणून त्यांना फळ येत होतं.

मी त्याच दिवशी खडेबाजारात गेलो. तिथं भट्टीचा चुना विकणारी एक कानडी म्हातारी बसायची. "सुण्णा बेकेनरी?" म्हणून ओरडायची, चुना हवा का म्हणून. मी म्हणालो, पाहिजे, कडक पाहिजे. तिनं कळीच्या, न विझवलेल्या चुन्याची ढेकळं दिली आणि मोडक्या मराठीत विचारलं, "घराला का अण्णा?" मी म्हणालो, झाडाला. ती बाजूच्या बाईकडं बघून हसली.

घाई माणसाला खाते. मी कळी पाण्यात टाकली, ती उकळली, फुगली, आणि निवायची वाट न बघता, दुसऱ्या दिवशी सकाळीच, तो दाट पांढरा काला मधल्या दोन ओळींच्या बुडात ओतला. वरनं ताजी लीद होतीच. दुपारपर्यंत पानं लोंबली. दुसऱ्या दिवशी दोन्ही ओळी वाळून गेल्या. मुळासकट भाजल्या. महिन्याभरात बशी भरायची होती आणि मी माझ्या हातानं पाचवा हिस्सा वाफा मारला होता.

मी त्यातलं एक वाळकं रोप हातात घेऊन पायरीवर आलो आणि तिच्या पुढ्यात टाकलं. म्हणालो, "बघ, तुझा चुना."

तिनं रोप उचललं. बुडाला लागलेला पांढरा थर बोटानं खरवडला. मला वाटलं आता ती तोंडात घालते की काय. तिनं घातला नाही. म्हणाली, "लेकराचं पोट दुखलं तर अस्सा चुना घालत्यात व्हय तोंडात? मडकं घ्या. चुना भिजवा, ढवळा, ऱ्हाऊ द्या. खाली गाळ बसंल. वरचं सोच्छ पानी घ्या. निवळी. त्येच पाजत्यात लेकरास्नी."

"तुला काय ठावं?"

"माझ्या दुसऱ्याला पाजली हुती मी," ती म्हणाली. "चार दिस."



तीन मडकी आणली. निवळी वर आली की अलगद झारीत ओतायची, त्यात दुप्पट पाणी, आणि रोपाच्या बुडाशी थोडी थोडी. कोपऱ्यातले जुने पोपडे गोळा केले, जे मी दोन-तीन वर्षं उकिरड्यावर टाकले होते तेही उकरून आणले, कुटून पीठ केलं आणि मातीत बोटानं मिसळलं. तबेल्याची ताजी लीद सगळी काढून टाकली. पेंडीचं पाणी बंद. साधं पाणी रोज सकाळी, थोडं, चुकवायचं नाही, आणि वरनं भाताच्या पेंढ्याचं पिंजर पसरलं म्हणजे ओल टिकेल. ही बादलीवर बसून सांगायची, "त्यो बुडका राह्यला. तिकडचा. न्हाय, त्याच्या पलीकडचा." तिला चालवत नव्हतं, पण डोळे चालत होते.

जळलेली पानं काही बरी होत नाहीत. ती तशीच राहतात. बघायचं असतं ते मधलं नवं पान. दहा-बारा दिवस मी रोज सकाळी वाकून बघत होतो. मग एका रोपाचं पान उघडलं, धडधाकट. मग शेजारचं. संक्रांतीपर्यंत वाफा वेगळा दिसायला लागला. फुलं आली ती मोठी, आणि फळ धरलं ते मऊ, फुगीर, टोकापर्यंत लाल.

मेजवानीच्या दिवशी मी बशी भरून दिली. काठोकाठ नव्हे, पण भरून. दुसऱ्या दिवशी मडमसाहेब वाफ्यावर आल्या, हसल्या, "बहोत अच्छा माली," म्हणाल्या. आणि विचारलं, काय केलंस?

मी म्हणालो, "खाद बदला, मेमसाब."

खत बदललं. एवढंच. चुना म्हटलं नाही, बायको म्हटलं नाही. का नाही म्हटलं ते आजही सांगता येत नाही. वाटलं असेल, मागच्या खोलीतली बाई सांगते तसं हा माळी करतो असं समजलं तर काय राहिलं. त्यांनी साहेबाचा जुना लोकरी कोट मला दिला. मी तो घालून खोलीवर आलो.

तिच्यासाठी एक फळ राखलं होतं, थोडं वाकडं, बशीत न शोभणारं. तिनं ते अर्धं खाल्लं.

"आंबट हाय," म्हणाली. "ह्येच्यासाठी एवढं?"

"खोलीसाठी."

"व्हय, खोलीसाठी." मग कोटाकडं बघून म्हणाली, "साहेब दिसतायसा. खोकला तेवढा आपला."

खोली राहिली. पंधरा दिवसांनी तिचं पोट दुखायला लागलं. सुईण एक दिवस बसली, दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या. टांग्यात तिला झोपवून नेलं. रस्त्यावर टांगा जितक्या वेळा आदळला तितक्या वेळा तिनं माझं मनगट दाबलं, ओरडली नाही. दवाखान्यातली डॉक्टरीण गोरी होती, पण मराठी चांगलं बोलायची. दुपारी बाहेर आली. मुलगी आहे, दोघी जिवंत आहेत, म्हणाली. अवजार लावून काढावी लागली. मग मला बाकावर बसवलं आणि विचारलं, ही दूध पिते का? ताक? नाचणी? मासळी?

मी म्हणालो, दूध साहेबाच्या घरी जातं.

तिनं सांगितलं, हिची हाडं मऊ झाली आहेत, कमरेचं हाड आत दबलंय. पोटातलं लेकरू आईच्या हाडातनं चुना ओढून घेतं. हिच्या हाडात आता चुना नाही.

तिनं चुना हाच शब्द वापरला. मला समजावं म्हणून वापरला असेल. मी अंगात तो लोकरी कोट घालून बसलो होतो. मला पहिल्यांदा बोरगावची काळी माती आठवली नाही, बाप आठवला नाही. सारवलेली भिंत आठवली. माझ्या बोटांचे फराटे शेणात उमटलेले. आणि तिची पाठ.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ती भित खात हुती. त्यानं बरं झालं असतं?"

त्या म्हणाल्या, भिंत खाऊन कुणी बरं होत नाही. पण तिला काय कमी पडतंय ते तिचं शरीर सांगत होतं. कुणी ऐकायला पाहिजे होतं.

झाड आणि बाई एकच, असं मी म्हणत नाही. मी माळी, मला हाडांतलं काय कळतं. पण महिनाभर मी गुडघ्यावर बसून रोपांच्या टोकांकडं बघत होतो, आणि ती माझ्यासमोर बादलीवरनं उठताना दोन्ही हातांनी मांडी धरून उठत होती. ते मी बघत होतो आणि बघत नव्हतो. ते सांगायला मला कुठला दाखला लागत नाही.

त्यानंतर मी केलं जे करायचं ते. साहेबाच्या गवळ्याशी बोलून रोज तांब्याभर दूध लावलं. नाचणी आणली. डॉक्टरीणबाईंनी सांगितली तेवढी औषधं आणि माशाचं तेल पाजलं, ती नाक धरून प्यायची आणि मला शिव्या घालायची. दुखणं कमी झालं. पण दबलेलं हाड सरळ होत नाही. जळलेलं पान जसं तसंच राहतं. ती जन्मभर डोलत चालली. पोरगी मोठी झाल्यावर तिला म्हणायची, "माझ्यावानी चालू नगंस, तुझ्या आप्पास्नी म्हस वाटंल." पोरीला त्यातलं काही कळायचं नाही, ती हसायची. मीही हसायचो.

बंगल्यावर साहेब बदलत गेले, मी राहिलो. स्ट्रॉबेरी दर वर्षी आली. रोपं लावायच्या महिनाभर आधी पडक्या भिंतीचा जुना गिलावा कुटून मातीत मिसळायचा, खत जुनं आणि बेताचं, पाणी रोजचं, आणि नवं पान चुरगळलेलं दिसलं की निवळी. दुसऱ्या बंगल्यांवरचे माळी विचारायला यायचे. त्यांना मी सांगायचो, बायकोनं शोधून काढलं. ते हसायचे. मी पुन्हा सांगायचो. ज्या दिवशी सांगायला पाहिजे होतं त्या दिवशी सांगितलं नाही, मग कितीही वेळा सांगितलं तरी काय.

यंदा साहेबलोकांनी सामान बांधायला घेतलं. बंगल्याचे पडदे उतरले, घोडे विकले. आम्ही बोरगावला पोरीकडं आलो. आल्यावर तिसऱ्या आठवड्यात ही सपाट अंगणात पाय घसरून पडली. उंबरा नव्हता, पाणी नव्हतं. नुसती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दोन महिने भिंतीकडेच्या बाजेवर होती. मी दूध पाजत होतो. शेवटी शेवटी तोंड फिरवायची. एकदा म्हणाली, "आता कशापायी? आता कोन ओढून घ्यायचं ऱ्हायलंय?" त्यानंतर चार दिवसांनी गेली.

काल पोरीनं घर चुन्यानं रंगवायला काढलं. बाज हलवली. मागच्या भिंतीत, निजलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, वाटीएवढा खळगा होता. कडेला नखांच्या रेघा. तिनं खाल्लं, की नुसती पडल्या पडल्या बोटं फिरवत होती, मला ठाऊक नाही. मी रोज तिथंच बसायचो, तिच्या उशाला. मला दिसला नव्हता.

पोरगी गिलाव्याचा गोळा हातात घेऊन खळगा भरायला वाकली.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे."

"आप्पा, एवढं सोडून रंगवायचं? कसं दिसंल?"

"कसंबी दिसू दे. तेवढ्याला हात लावू नगंस."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि गोळा परत घमेल्यात टाकला. आज सकाळी भिंत वाळली. सगळी पांढरी, तेवढा खळगा मातीचा. मी समोर बसलोय.